हलणारी शीर

बाजाराच्या मागच्या दारापाशी, नळाला लागून जो ओटा आहे, तिथला मासेवाला हल्ली प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मासा कापून देण्याआधी एक गोष्ट सांगतो. गोष्ट त्याची स्वतःचीच आहे आणि तिच्यातलं गाढवही तोच आहे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सुटका नाही. मासा त्याच्या हातात असतो, सुरीही त्याच्याच हातात असते, आणि गोष्ट संपल्याशिवाय तो कापायला घेत नाही.

सगळे त्याला ताजेराव म्हणतात. हे नाव काही कोणी लाडाने ठेवलेलं नाही. दिवसातून शंभर वेळा ‘ताजा आहे, एकदम ताजा’ म्हणणाऱ्या माणसाला लोकांनी शेवटी तेच चिकटवलं, आणि या पठ्ठ्याने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. त्याच्यासमोर बर्फाचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने ‘फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल ना दोन दिवस?’ एवढंच विचारलं, तर याने दिलेला मासा परत घेऊन टोपलीत टाकला. ‘हा आजचा मासा आहे. याला आजच खाणारं माणूस पाहिजे,’ असं वर सुनावलं. शेजारच्या ओट्यावरचा कोंबडीवाला ही हकीकत अजून सांगतो, आणि ताजेराव ती ऐकताना मान खाली घालतो. आधी तो मान वर करून ऐकायचा.

ओटा मूळचा त्याच्या आईचा. आईने त्याला सुरी धरायला शिकवली त्याच आठवड्यात आणखी एक विद्या दिली. मोठ्या माशाचं पोट उघडलं की कधीकधी आत, काळजाच्या कडेला, पांढुरका जंत वेटोळं करून बसलेला असतो. कधी तो पोटाच्या पातळ मांसातच रुतलेला असतो. यात मासेवाल्याचा काही दोष नाही. लहान मासा काहीबाही खातो, मोठा मासा त्या लहान माशाला खातो, आणि जंत तिकीट न काढता या पोटातून त्या पोटात जातो. मासा नीट शिजला की जंतही शिजतो आणि कोणाचं काही वाकडं होत नाही. हे सगळं गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता येतं. पण आईचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक त्यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकतं आणि उरलेल्या वाक्यापर्यंत ते कोंबडीच्या ओट्यावर पोचलेलं असतं.

“त्यांनी किडा म्हणायच्या आत आपण शीर म्हणायचं,” आई सांगायची. “आणि म्हणताना हसायचं. हसणाऱ्या माणसाला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.”

मुलगा आईचा आज्ञाधारक. त्याने तिच्या विद्येत स्वतःची भर घातली. कापायचा पाट त्याने असा तिरका बसवून घेतला, की माशाचं पोट नेहमी आपल्याकडे उघडावं आणि पाठ गिऱ्हाइकाकडे राहावी. नळ कायम चालू. उजव्या हाताने सुरी चालायची, तोंडाने ‘काय म्हणतोय जावई’ चालायचं, आणि डाव्या हाताचा अंगठा पोटातून एक वळसा घेऊन जंताला आतड्यांसकट खालच्या बादलीत पोचवायचा. बत्तीस वर्षं हा अंगठा असा चालला. त्यातूनही एखादा निसटायचाच. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन यायचं, ताजेराव हसून ‘शीर आहे हो ती, माशाला रक्त नको का फिरायला’ म्हणायचा, आणि गिऱ्हाईक स्वतःच्याच अडाणीपणावर हसत नवा मासा घेऊन जायचं. त्याला याची लाज कधी वाटली नाही. उलट आपल्याला माणसं ओळखता येतात असं त्याला वाटायचं.

आणि मग त्या गुरुवारी चष्मेवाल्या बाई आल्या.

बाजारासमोरच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. आदल्या संध्याकाळी त्यांनी एक मोठा मासा नेला होता. सकाळी नऊच्या सुमाराला त्या ओट्यापाशी आल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि शेजारी कोंबडीवाला अर्धवट सोललेली कोंबडी हातात धरून गप्पा मारत होता. बाईंनी डोळ्यात घालायच्या लेन्स ठेवतात तसली एक लहानशी डबी ओट्यावर ठेवली, तिचं झाकण फिरवून काढलं आणि शेजारी एक भिंग ठेवलं.

“हे काय आहे ते जरा सांगाल का?”

ताजेरावाने डबीकडे बघितलंसुद्धा नाही. “शीर आहे.”

“अहो, बघा तरी आधी.”

“बघायचं काय त्यात, बाई? शीर आहे. कण्याजवळून निघते.”

“हलतेय ती.”

आता एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. ‘अरे हो की, हलतेय,’ म्हणाला असता आणि विषय मिटवला असता. पण बत्तीस वर्षं ज्याला कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही त्याच्याजवळ दुसरं उत्तर कुठून असणार? त्याने भिंग उचललं, जाणकार माणसासारखा एक डोळा मिटला, आणि आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य ठणकावून बोलला.

“ताज्या माशाची शीर हलतेच, बाई. न हलणारी शीर म्हणजे शिळा मासा.”

दोन गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला. ते हसणं ताजेरावाला लागलं. ताजेराव आता सांगताना इथे थांबतो आणि म्हणतो की खरं तर तो माणूस मोबाइलवर काहीतरी बघून हसला असावा. पण तेव्हा त्याच्या डोक्यात सणक गेली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैज लावली नव्हती, बाईंनी तर त्यावर तोंडही उघडलं नव्हतं. त्याने दोन बोटांनी डबीतली ती ‘शीर’ उचलली, तोंडात टाकली, चहावाल्याने ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्याचा घोट घेतला आणि गिळून टाकली. वर बाहीने तोंड पुसलं.

कोंबडीवाल्याच्या हातातली कोंबडी तशीच लोंबत राहिली.

“अहो, तक्रार करायला नव्हते आले मी,” बाई म्हणाल्या. “एवढंच विचारायला आले होते, की नीट शिजवला तर चालेल ना. अर्धा मासा घरी अजून आहे.”

म्हणजे ‘हो, चालेल’ एवढ्या दोन शब्दांचं काम होतं. तेही सोळा आणे खरे शब्द. पण ते बोलायचे तर आत्ता गिळलं ते काय होतं, हेही सांगावं लागलं असतं.

“शीर आहे म्हटल्यावर चालण्या-न चालण्याचा प्रश्नच कुठे येतो?” तो म्हणाला.

बाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं, रिकामी डबी उचलली आणि गेल्या. कोंबडीवाल्याने मात्र मान डोलावली. “असा पाहिजे धंदेवाला,” तो गिऱ्हाइकांना म्हणाला. “आपल्या मालावर इतका भरवसा.” त्याला मनापासून पटलं होतं की ती शीरच होती. खोटं बोलण्यात ताजेरावाला इतकं यश आलेलं होतं.

दुपारी एकपर्यंत काही झालं नाही. एक वाजता पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली, कोणीतरी आतून टाके घालायला लागलं. आधी त्याने चहाला दोष दिला, मग सकाळच्या पावाला, मग वयाला. दीडला तो ओट्याला टेकला. पावणेदोनला ओट्याखाली बसला आणि दोनला बादलीत ओकला. कोंबडीवाल्याने डोकावून बघितलं आणि म्हणाला, “तुझं तोंड माझ्या मालासारखं दिसायला लागलंय रे.” त्याने आपला टेंपो काढला. मागे रिकामी खुराडी खडखडत होती, आणि पुढे ताजेराव गुडघे पोटाशी घेऊन आईला हाका मारत होता. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दवाखान्यातली डॉक्टर त्याच्या मोठ्या मुलीच्या वयाची निघाली. तिने पोट दाबलं, त्याने किंकाळी फोडली.

“सकाळपासून काय खाल्लंत?”

“चहा. पाव.”

“बाहेरचं काही?”

“नाही.”

“कच्चं काही पोटात गेलंय?”

“छे,” ताजेराव म्हणाला, आणि हसला सुद्धा. सवय.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पोटाची भिंत सुजलेली दिसत होती, पण कशाने ते कळेना. डॉक्टर म्हणाली की अल्सर फुटला असावा, नाहीतर फुटायच्या बेतात असावा. नळी घालून आतून बघता आलं असतं, पण अल्सर फुटलेला असेल तर नळीने भलताच घोटाळा होतो. त्यापेक्षा पोट उघडून बघितलेलं बरं. तासाभरात घेऊ. एक सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली, आणि डॉक्टरने पेनाने त्याच्या पोटावर बरगडीखालून बेंबीपर्यंत एक रेघ ओढली.

रेघ फार सुंदर होती. एका दमात ओढलेली, कुठे थरथर नाही. ताजेरावाला मनातल्या मनात दाद द्यावी लागली. रोज चाळीसेक माशांवर तो नेमकी अशीच रेघ ओढत होता, फक्त पेनाऐवजी सुरीने. पुढे काय करतात हेही त्याला तोंडपाठ होतं. कुठे जोर द्यायचा, कुठे बोट घालून कडा बाजूला करायच्या, आधी काय बाहेर येतं आणि मग काय. माशाचं एक बरं असतं, तो तोवर मेलेला असतो.

तो कागदाकडे बघत पडून राहिला. सांगावं, तर बत्तीस वर्षं सांभाळलेला शब्द एका वाक्यात मातीला मिळणार. सिस्टर त्याच्या ओळखीची होती, आठवड्याला मासा न्यायची. ती ऐकणार, म्हणजे उद्या बाजार ऐकणार. न सांगावं, तर ही रेघ. इकडे आड आणि तिकडे विहीर. शेवटी त्याने मनाशी हिशोब मांडला तो असा: पोट उघडलं की डॉक्टरला तो जंत आत सापडणारच. मग शुद्धीवर आल्यावर ती समोर धरून विचारील, हे काय आहे? तेव्हा मी तिला काय सांगणार? शीर आहे म्हणून?

ताजेराव आजही बजावून सांगतो की तो प्रामाणिकपणामुळे बोलला नाही. प्रामाणिकपणा त्याला त्या खाटेवर शोधूनही सापडला नसता. तो सुरीला भिऊन बोलला. जन्मभर सुरी हातात धरलेला माणूस, सुरीच्या दुसऱ्या टोकाला पहिल्यांदाच आला होता.

“डॉक्टर, एक विचारू का? समजा, एखाद्याने चुकून शीर खाल्ली…”

“कसली शीर?”

“माशाची.”

“त्याने काही होत नाही.”

“कच्ची.”

“तरी काही होत नाही. हे आत्ता कशाला?”

त्याने डोळे मिटले. “हलणारी होती.”

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, किती वाजता, केवढा, जिवंत होता का नक्की, आणि त्याने प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. एकदा सुटलं की सुटतंच. तिने फक्त ‘आधीच बोलला असतात तर’ असं म्हटलं, आणि नळीची तयारी करायला सांगितलं. सिस्टर मात्र जागची हलली नाही. कागद छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत होती.

“म्हणजे परवा मला जी शीर म्हणालात ती?”

“तीही,” ताजेराव म्हणाला.

“आणि त्या आधी, माझे पाहुणे आले होते तेव्हाची?”

“सिस्टर, सगळ्याच,” तो म्हणाला. “आता नळी घाला.”

घसा बधिर करून नळी आत घातली. शेजारच्या पडद्यावर ताजेरावाला स्वतःचं पोट आतून दिसलं. गुलाबी, ओलसर, त्याच्या अपेक्षेपेक्षा बरंच नीटनेटकं. एका कोपऱ्यात ते सुजून लाल झालं होतं, आणि त्या लाल जागेत डोकं खुपसून तो बसला होता. शेपटी बाहेर होती आणि ती हलत होती. अगदी ताजा होता. डॉक्टरने नळीतून लहानसा चिमटा पुढे सरकवला, डोक्याच्या जवळ धरलं आणि हळूच ओढलं. तो सुटला त्या क्षणी पोटातले टाके थांबले, मागे नुसती ठणक उरली. बोटाच्या पेराएवढा तो जीव एका लहान बाटलीत गेला, आणि बाटली ताजेरावाच्या उशाशी आली.

बाहेर बाकावर बसलेल्या कोंबडीवाल्याला सिस्टरने सगळं सांगितलं. तो आत आला, त्याने बाटली उजेडात धरली.

“म्हणजे ती शीर नव्हती?” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका दुखावलेला होता, की ताजेरावाला तो बघवेना.

ओट्यावरची गोष्ट इथे संपते. गिऱ्हाईक हसतं. हसून झालं की ताजेराव माशाचं पोट गिऱ्हाइकाकडे तोंड करून उघडतो आणि म्हणतो, “तर आता ऐका. यात जंत असू शकतो. मला दिसला तर मी काढीन, मला नाही दिसला तर तुम्ही काढा. आतपर्यंत नीट शिजवा, काही होत नाही. आणि कोणी कितीही हसलं तरी गिळून दाखवू नका.” काही गिऱ्हाइकं अर्ध्या वाक्यावर कोंबडीकडे जातात. आईचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण बरीचशी थांबतात. चष्मेवाल्या बाईंना ही गोष्ट त्याने त्यांच्या दुकानात जाऊन सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत हसू दाबलं आणि जाताना त्याला जवळचा चष्मा घ्यायला लावला. तेव्हापासून त्याला आधीपेक्षा दुप्पट जंत सापडतात.

पण गोष्टीचा एक तुकडा असा आहे, जो ताजेराव ओट्यावर कधी सांगत नाही.

त्या दिवशी बायको दवाखान्यात पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. ती एका शाळेत घंटा आणि किल्ल्या सांभाळते, शाळा सुटून शेवटचं दार लागल्याशिवाय तिला निघता येत नाही. कोंबडीवाल्याने फोनवर तिला सगळं सांगितलेलं होतं. ती आली, पिशवी खाटेच्या दांडीला अडकवली, त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि मग बाटली उचलली. ती दचकेल असं त्याला वाटलं होतं. तिने ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“मोठा आहे जरा,” ती म्हणाली.

“तुला काय माहीत केवढा असतो?”

“तुम्ही आणता त्यातल्या अर्ध्या माशांत असतो की. मी काढते.”

ताजेराव उशीवर जरा वर सरकला. बत्तीस वर्षं घरी नेताना निवडून निवडून मासा नेला, अंगठा दोनदा फिरवून नेला, आणि तरी ही म्हणे अर्ध्या माशांत. त्याने विषय बदलला. “डॉक्टर म्हणत होती, आठवडाभर बर्फात गोठवला तरी मरतो तो. म्हणजे बघ, लोक जे…”

“गोठवतेच मी.”

“काय?”

“मासा. मोठी दोन वर्षांची होती तेव्हापासून. कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही संध्याकाळी आणता तो फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात जातो आणि गेल्या आठवड्यातला शिजतो. पिशवीवर वार लिहून ठेवते, चूक नको म्हणून.”

मोठी मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. ताजेरावाने मनात आकडा मांडला आणि त्याच्या डोळ्यांसमोर आपलं रोजचं जेवण आलं. पहिला घास तोंडात जायचा, तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘याला म्हणतात ताजा. जीभच सांगते, आज सकाळपर्यंत पाण्यात होता.’ रोज. सव्वीस वर्षं. दोन्ही मुली त्या वेळी ताटात मान घालून बसायच्या, आणि बापाबद्दल केवढा हा आदर, असं त्याला वाटायचं. बापाचं बोलणं ऐकून त्या हसू दाबत होत्या.

तो हसायला लागला. पोटातून कळ आली तरी त्याला थांबता येईना. ज्या माणसाने बर्फाचं नाव काढणाऱ्याचा मासा परत घेतला, तो जन्मभर आठवड्याचा शिळा मासा खाऊन त्याच्या ताजेपणावर भाषणं देत होता. बायकोही हसली. पदराने डोळे पुसत तिने पाणी ओतून दिलं.

“मग मला का नाही सांगितलंस कधी?” त्याने विचारलं. हसण्यातच विचारलं.

तिचं हसू हळूहळू गेलं. तिने ग्लास परत जागेवर ठेवला.

“सांगायलाच आले होते ना,” ती म्हणाली. “लग्नाला दीड महिना झाला होता. तुम्ही आणलेला मासा धूत होते, तर हा निघाला. आमच्या घरी कधी मोठा मासा यायचा नाही, मी असलं काही बघितलं नव्हतं. भीती वाटली मला. हातावर घेऊन तशीच बाहेर आले. तुम्ही पेपर वाचत होतात. मी म्हटलं, अहो, हे काय आहे बघा ना.”

पुढचं ताजेरावाला कळलं होतं.

“तुम्ही बघितलं नाही. शीर आहे म्हणालात. आणि हसलात.”

“मला आठवत नाही,” तो म्हणाला.

आणि खरंच आठवत नव्हतं. त्याने पुष्कळ ताण देऊन बघितलं. नवी नवरी, ओला तळहात, त्यावर हलणारा तो जीव, एवढं सगळं डोळ्यांपुढे आणता येत होतं, पण आठवत नव्हतं. हजारो वेळा बोललेल्या वाक्यांतलं तेही एक होऊन गेलं होतं. त्याने घरात आलेल्या बायकोला गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं केलं होतं, आणि ते लक्षात राहण्याइतकंही त्याला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. याचं त्याला जेवढं लागलं तेवढं त्या दिवशी दुसरं काही लागलं नाही.

“तो माझ्या हातावर हलत होता हो,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मी म्हटलं, आपल्यालाच काही कळत नसेल. मग पुढे कळलं. तेव्हापासून तुम्हाला विचारायचं सोडून दिलं मी.”

“माशांचं?”

“आधी माशांचं.”

मग ताजेराव छताकडे बघत पडून राहिला. धाकटीला लांबच्या गावी शिकायला पाठवायचं ते बायकोने ठरवलं होतं. जुनं घर सोडून नवं घेतलं ते तिने ठरवलं होतं. तिच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं हे तर त्याला शेजारच्या घरातून कळलं, तेही वर्षभराने. चारचौघांत तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, की आमच्या हिला मला काही विचारावं लागत नाही, भारी हुशार आहे. हुशार तर ती होतीच. पण ती विचारत का नव्हती, हा प्रश्न त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. त्याला लाज वाटली. ओट्यावर सांगून हसता येतं तसली ही लाज नव्हती.

खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी चहाची भांडी विसळत होतं. बायकोने बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि ती खिडकीत दूर नेऊन ठेवली. परत आली तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघत उभी राहिली.

“दुखतंय का अजून?” तिने विचारलं.

‘छे, काही नाही’ त्याच्या जिभेवर तयार होतं. हसूही तयार होतं. दोन्ही त्याने तिथेच धरून ठेवलं.

“दुखतंय,” तो म्हणाला. “आणि दुपारी मला फार भीती वाटली गं.”

तिने खाटेखालचं स्टूल ओढलं, त्याच्या अगदी जवळ घेतलं आणि बसली.

“कुठे दुखतंय?” तिने विचारलं.